घरचा धंदा आणि भावांतील वाद

भावाभावांनी मिळून दुकान काढले की सुरुवातीला हिशेबाची वही कोणी फारशी उघडत नाही. एकाने फंडाचे पैसे घातले, दुसऱ्याने अंगमेहनत केली, गाळा वडिलांच्या नावावर. एवढ्यावर धंदा चालतो. आपल्यातील बरीच घरे अलीकडेच व्यवसायात उतरली. वडिलांच्या पश्चात गल्ला कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे येणारच. म्हणून एका फार मोठ्या घरचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत.

धीरूभाई अंबानी ६ जुलै २००२ रोजी मृत्युपत्र न करता वारले. मुकेश व अनिल यांच्यातील मतभेद २००४ च्या अखेरीस उघड झाले. जून २००५ मध्ये आई कोकिलाबेन यांनी मध्यस्थी करून वाटणी केली. तेल व रसायने थोरल्याकडे. वीज, दूरसंचार व वित्त धाकट्याकडे. परंतु थोरल्याच्या कंपनीने धाकट्याच्या वीजकेंद्रांसाठी १७ वर्षे २.३४ डॉलर दराने नैसर्गिक वायू द्यावा, असेही घरात ठरले होते. पुढे भांडण कोर्टात गेले आणि सरकारने दर ४.२० डॉलर ठरविला. ७ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घरातील करार कंपनीवर बंधनकारक नाही. तो भागधारकांपुढे आलाच नव्हता. आईचा शब्द मुलांनी मानला, पण कंपनीने तो मानावा कसा?

आपल्या छोट्या दुकानालाही हेच लागू आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि वडिलांची आई यांचा सारखा वाटा असतो. बहिणीला न विचारता दोघा भावांनी केलेली वाटणी, आमच्या मते, अर्धीच वाटणी होय.

तेव्हा वडील हयात असतानाच भागीदारीपत्र करावे व फर्मची नोंदणी करावी. दुकानात राबणाऱ्याचा पगार नफ्यापासून वेगळा लिहावा. निम्मी भांडणे येथेच होतात. बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, तेही लिहावे. लवादाचे नाव आधीच घालावे. तो दोघांपैकी कोणाचाही देणेकरी किंवा घेणेकरी नसावा. पुष्कळदा नेमके उसने पैसे देणारे मामाच पंच म्हणून बसतात!