उन्हाळ्यातील विहीर

निर्गमाच्या २१ व्या अध्यायातील ३३ व ३४ ही वचने काढून पाहावी. खाडा उघडा ठेविल्यामुळे त्यात कोणाचा बैल पडला, तर खाड्याच्या धन्याने भरपाई करावी, असा तेथे नियम आहे. बैलाविषयी एवढी काळजी, मग मुलांविषयी किती असावी?

वैशाखात शाळा बंद असतात, आणि मुले पाठीस भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकतात. ही उत्तम विद्या आहे. ती बंद करावी असे आमचे म्हणणे नाही. धोका आहे तो सूर मारण्यात. श्रावणात ज्या काठावरून मुलगा सूर मारीत असे, त्याच काठावरून तो वैशाखातही मारितो. परंतु मधल्या काळात पाणी दहा फूट उतरले, म्हणजे उडी दहा फूट वाढली आणि खालचे पाणी दहा फूट घटले. वरून पाहणाऱ्यास मात्र ते पूर्वीसारखेच काळे व खोल दिसते. डोके तळावर आपटले म्हणजे मानेचे मणके मोडतात, आणि त्यांतून जाणारा मज्जारज्जू तुटला तर हातपाय जन्मभर लुळे पडतात.

यास्तव उपदेशक बंधूंनी व वडीलधाऱ्यांनी दर आठवड्यास दोरास दगड बांधून पाणी मोजावे. ते नऊ फुटांहून कमी भरल्यास सूर मारूच देऊ नये. काठ उंच असेल तर नऊ फूटही पुरत नाहीत. मुलांनी पायऱ्यांनीच उतरावे.

इतके करूनही कोणी जखमी झाला, तर त्यास हातांनी ओढू नये. डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून फळीवर बाहेर काढावे व १०८ क्रमांकास कळवावे. श्वास बंद असेल तर मात्र मानेच्या भीतीने थांबू नये. तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबावी. पोटातील पाणी काढण्यासाठी उलटे टांगण्याची जी चाल आहे, तिने केवळ मोलाचा वेळ जातो.

गाळ काढणाऱ्यांसही थोडे सांगणे आहे. खाली सोडलेला कंदील विझला तर उतरू नये, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु विहिरीत इंजिन चालविले असेल तर त्याचा विषारी वायू कंदील विझवीत नाही. कंदील जळत राहतो व माणूस पडतो. मग त्याचा भाऊ मागोमाग उतरतो, आणि तोही पडतो. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगास दोर आधीच बांधलेला असावा, व तो ओढावयास निदान दोघे काठावर असावेत.