हायपो आणि आम्ल

धरमपेठ, नागपूर

चि. मुक्ता,

काल गोकुळपेठेच्या बाजारात ताई भेटली. म्हणाली, पोरगी रात्रभर खोकते, लॅबमध्ये स्विमिंग पुलासारखा वास येतो म्हणते. तिला वाटतं सर्दी आहे. मला मात्र झोप आली नाही. खरं सांग, दात धुतल्यावरचं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि सायट्रिक ॲसिड एकाच बीकरमध्ये ओततेस ना?

अगं, हायपोत आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. १९१५ साली ईप्रच्या खंदकांवर सोडला होता तोच वायू! दोन बीकर, दोन सिरिंज, मध्ये डिस्टिल्ड वॉटर, खिडक्या उघड्या. एमडीएस करणाऱ्या मुलीला हे मी सांगायचं?

प्रबंधाचा विषय तू चांगला घेतलास. फाइल फिरली की रूट कॅनलच्या भिंतीवर भुशाचा थर बसतो, तो मॅककॉम्ब आणि स्मिथ यांनी १९७५ साली दाखवला. हायपोनं मांसल भाग विरघळतो, खनिज तसंच राहतं; त्यासाठी १७ टक्के ईडीटीए नाहीतर आम्ल. मणिपालच्या बल्लाळ आणि मंडळींनी २००९ मध्ये ७ टक्के मॅलेइक ॲसिड मुळाच्या टोकाकडे ईडीटीएपेक्षा सरस ठरवलं. तू सायट्रिक तपासतेस, तपास. पण घड्याळ लावून. ईडीटीए दहा मिनिटं ठेवलं तरी डेंटिन कुरतडलं जातं, मग आम्लाचं काय सांगावं! आणि पुन्हा सांगतो, बीकर वेगळे.

मलाही असं संशोधन करायचं होतं. बाबा गेले, घर चालवायचं होतं, दवाखाना थाटला आणि ते राहूनच गेलं. इतक्या वर्षांत किती कॅनल भरले, पण टोकाशी काय उरलं ते एकदाही डोळ्यांनी दिसलं नाही. एक्स-रेवर पांढरी रेघ दिसते, तेवढंच. तू दात उभा चिरून मायक्रोस्कोपखाली धरतेस, डेंटिनच्या नळ्यांची तोंडं उघडी झालेली बघतेस. मला तुझा हेवा वाटतो, बाळा.

रागावलो, मनावर घेऊ नकोस. उद्याच छातीच्या डॉक्टरांना दाखव. गाइडना सांगायला संकोच वाटत असेल तर मी फोन करतो. नमुने पुन्हा करावे लागले, प्रबंध लांबला, तरी लांबू दे. जास्तीच्या टर्मची फी मी भरेन, ताईला कळायचं कारण नाही. खोकला थांबला की मला तेवढं कळव. रात्री कितीही वाजता फोन कर, मी उचलेन.

तुझा,
मामा