रेडिओची लहर, लिलावाची बोली आणि अल्पसंख्याक गिऱ्हाईक

जाहिरातीवर चालणाऱ्या खाजगी रेडिओने अल्पसंख्याक समाजांसाठी, त्यांच्या भाषेत कार्यक्रम करावेत की नाही? या प्रश्नावर आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक म्हणतो, तो व्यापार आहे, नफा दिसेल तिथे जाईल, जबरदस्ती कशाला? दुसरा म्हणतो, हा आमचा हक्क आहे. माझी हयात कापडाच्या पेढीवर गेली, म्हणून मला दोन्ही उत्तरांत हिशेबाची एक ओळ राहून गेलेली दिसते. दुकानाची जागा कोणत्या अटीवर मिळाली, ती ओळ. ज्याने भरमसाट पगडी मोजली आहे, तो दुकानात रोज खपणारा मालच ठेवणार. पैठणीचा किंवा हिमरूचा तागा ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहणे त्याला परवडत नाही.

नफा होतो की नाही, हे आधी पाहू. अमेरिकेतील मेम्फिस शहरात बर्ट फर्ग्युसन व जॉन पेपर या दोन गोऱ्या मालकांनी १९४७ साली डब्ल्यूडीआयए नावाचे केंद्र काढले. गोऱ्या श्रोत्यांसाठी शहरात आधीच पुरेशी केंद्रे असल्याने धंदा चालेना. ऑक्टोबर १९४८ मध्ये त्यांनी नॅट डी. विल्यम्स या कृष्णवर्णीय शाळाशिक्षकाला मायक्रोफोनपुढे बसवले. धमक्यांचे फोन आले, पण श्रोतेही आले. थोड्याच काळात सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीयांसाठी झाले आणि १९५४ मध्ये केंद्राची शक्ती ५०,००० वॅटवर गेली. पुढे जगप्रसिद्ध झालेले गायक बी. बी. किंग यांनी इथेच पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गात सुरुवात केली. हरवलेल्या माणसांच्या आणि मोहल्ल्यातील सभांच्या सूचनाही केंद्र देत असे. मालकांनी हे गल्ल्याकडे पाहून केले आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र केंद्राचा व्यवस्थापक कृष्णवर्णीय व्हायला १९७२ साल उजाडले, हेही ध्यानात ठेवावे.

आता अटींकडे येऊ. ब्रिटनमध्ये १९९० च्या प्रसारण कायद्याने दोन तऱ्हा ठेवल्या. देशभर ऐकू जाणाऱ्या खाजगी केंद्राचा परवाना सर्वांत मोठी बोली देणाऱ्याला. स्थानिक परवान्याला मात्र बोलीच नाही. अर्जदार काय ऐकवणार, ते आधीच्या केंद्रांपेक्षा वेगळे आहे का, तिथल्या लोकांना ते हवे आहे का, हे पाहून परवाना द्यायचा. कार्यक्रमांविषयी जे वचन दिले, ते परवान्याला अट म्हणून जोडले जाई. कायद्याच्या आदल्या वर्षी, १९८९ मध्येही असेच काही जादा स्थानिक परवाने दिले गेले होते. त्यातून पश्चिम लंडनमध्ये आशियाई लोकांचे सनराइज रेडिओ व उत्तर लंडनमध्ये ग्रीकांचे लंडन ग्रीक रेडिओ आले, आणि १९९० मध्ये ब्रिक्स्टन भागात कृष्णवर्णीयांचे चॉइस एफएम. या केंद्रांना बोलीचे कर्ज फेडायचे नव्हते. म्हणून साडीवाला, सराफ, तिकिटे काढून देणारा एजंट अशा लहान जाहिरातदारांवर त्यांना उभे राहता आले. बड्या कंपन्यांच्या जाहिराती मागाहून येतात. आधी मोहल्ल्याचा दुकानदार येतो.

रमजानची गोष्ट तर आपल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी. ब्रिटनमध्ये साधारण २८ दिवसांचा तात्पुरता, मर्यादित क्षेत्राचा परवाना मिळतो. १९९० च्या दशकापासून तिथल्या मुस्लिम वस्त्यांनी तो घेऊन रमजानपुरते रेडिओ चालवले. सहरी-इफ्तारच्या वेळा, चर्चा, बायका-मुलांचे कार्यक्रम आणि मधूनमधून शहरातल्या दुकानांच्या जाहिराती. एका महिन्याचे दुकान, पण चालते!

आपल्याकडे मी एका खाजगी केंद्राच्या माणसाला विचारले, रमजानमध्ये सहरीच्या वेळी जाहिरात घ्याल का? तो म्हणाला, "चाचा, त्या वेळेचे आमच्याकडे रेट कार्डच नाही." आमचे गिऱ्हाईक पहाटे चारला जागे असते आणि शेवटच्या दहा रात्री बाजार उघडे असतात. त्याला मात्र सकाळी आठ ते अकराच विकायचे होते. दोष त्या नोकर माणसाचा नाही. १९९९ च्या धोरणात केंद्रांना दरसाल १५ टक्क्यांनी वाढणारी परवाना फी होती. ती न झेपल्याने अनेकांनी केंद्र काढलेच नाही. २००५ मध्ये फीऐवजी उत्पन्नाचा ४ टक्के हिस्सा आला, पण प्रवेशासाठी बोली राहिलीच, आणि २०१५ मध्ये तर ई-लिलाव झाला. शिवाय स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. असा मालक सिनेमाची गाणी सोडून दुसरे काय लावणार?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. मग जागेचे मालक आपण सर्वच ठरतो. मालकाला भाड्याशिवाय दुसरी अट घालता येते. म्हणून माझे मत असे की, प्रत्येक मोठ्या शहरात निदान एक फ्रिक्वेन्सी बोलीवाचून, कार्यक्रमाच्या लेखी वचनावर द्यावी. सगळ्याच केंद्रांवर अल्पसंख्याकांसाठी एक तास सक्तीचा करण्याच्या मी विरुद्ध आहे. तो तास मध्यरात्री ढकलला जाईल आणि कुणी ऐकत नाही म्हणून पुढे बंदही होईल.

वचनाचीही राखण करावी लागते. चॉइस एफएम २००४ मध्ये कॅपिटल या बड्या कंपनीकडे पूर्णपणे गेले आणि २०१३ मध्ये त्याचे नाव पुसून कॅपिटल एक्स्ट्रा झाले. सनराइजही २०१४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडून विकले गेले. सरकारी पैसा तरी कुठे पक्का आहे? बीबीसीने आपले एशियन नेटवर्क बंद करण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये मांडलाच होता; ओरड झाल्यावर २०११ मध्ये तो मागे घेतला.

आणि आपलेही ऐकून घ्यावे. ईदच्या शुभेच्छांच्या फलकावर फोटोसह हजारो रुपये घालणारा आपला व्यापारी रेडिओच्या दहा सेकंदांवर घासाघीस करतो. ज्या समाजात जाहिरात विकत घेणारे नाहीत, त्याच्याशी खाजगी रेडिओ बोलणार नाही. यंत्रमागावर मजुरी करणाऱ्या माणसाला तर विकत घेण्याची ऐपतच नसते. त्याच्यासाठी वाट सामुदायिक रेडिओची. हरियाणातील मेवात भागात, घाघस गावी, २०१२ पासून अल्फाज-ए-मेवात हे असे केंद्र सुरू झाले. २००६ पासून शिक्षणसंस्थांबरोबर नोंदणीकृत सामाजिक संस्थांनाही हा परवाना मागता येतो. मात्र संस्थेने किमान तीन वर्षे काम केलेले असावे लागते. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला तो मिळत नाही, म्हणजे आपल्या पेढ्यांना अर्ज करता येणार नाही. जाहिरात मात्र देता येते. आरंभी तासाला ५ मिनिटांची मर्यादा होती, २०२४ मध्ये ती १२ मिनिटे झाली. एका तासात १२ मिनिटे म्हणजे दहा-दहा सेकंदांच्या ७२ जाहिराती. मालेगाव किंवा भिवंडीच्या बाजारपेठेत तेवढी दुकाने एकाच गल्लीत सापडतील.