उसने फुप्फुस

माणूस अन्नाशिवाय बरेच दिवस काढतो. पाण्याशिवाय दोन-तीन दिवस काढतो. हवेशिवाय मात्र पाच मिनिटे काढणेही कठीण. असे का होते, ते या धड्यात पाहू.

आपण श्वास घेतो तेव्हा हवा छातीतल्या दोन फुप्फुसांत जाते. हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. फुप्फुसांत कोट्यवधी बारीक फुगे आहेत. त्यांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात शिरतो. रक्तातला कर्बवायू बाहेर पडतो. बैलगाडी माल भरून बाजाराला जावी आणि रिकामी परत यावी, तसे रक्ताचे आहे. प्राणवायू भरलेले रक्त लालभडक दिसते. अंगभर फिरून परत आलेले रक्त काळपट लाल असते.

आता समजा, मोठा न्यूमोनिया झाला. फुगे पाण्याने आणि पुवाने भरले. मग हवा आत गेली तरी प्राणवायू रक्तात शिरणार कसा? डॉक्टर आधी नाकातोंडावर मुखवटा लावून प्राणवायू देतात. तेवढ्याने भागले नाही तर घशात नळी घालून यंत्राने श्वास देतात. त्या यंत्राला व्हेंटिलेटर म्हणतात. कधी कधी त्यानेही भागत नाही. अशा वेळी काही रोग्यांना आणखी एक यंत्र लावतात. त्याचे नाव एक्मो. हे जणू उसने घेतलेले फुप्फुस!

मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेत जाड नळी घालतात. पंप काळपट रक्त बाहेर ओढतो. ते रक्त एका डबीतून जाते. डबीत केसासारख्या बारीक, पोकळ नळ्या असतात. नळ्यांच्या आत प्राणवायू, बाहेर रक्त. नळीच्या भिंतीतून वायू आरपार जातो, रक्त जात नाही. लालभडक झालेले रक्त ऊब देऊन पुन्हा अंगात सोडतात. हृदयही थकले असेल, तर नळ्यांची जोडणी निराळी करतात.

हे सहज साधले नाही. अमेरिकेतील डॉक्टर जॉन गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी अशा यंत्रासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर गिबन यांनी एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातले भोक शिवले. तेव्हा २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे सारे काम यंत्राने केले. मुलगी वाचली. १९७१ साली अपघातात सापडलेला एक तरुण असल्या यंत्रावर तीन दिवसांहून अधिक काळ राहून बरा झाला. १९७५ साली डॉक्टर रॉबर्ट बार्टलेट यांनी कॅलिफोर्नियात एका नवजात मुलीला वाचवले. परिचारिकांनी तिला ‘आशा’ या अर्थाचे नाव दिले.

पण बरं का, हे यंत्र रोग बरा करीत नाही. पूल दुरुस्तीला काढला की बाजूने कच्चा रस्ता करतात. गाड्या चालू राहतात. तोवर पूल दुरुस्त व्हावा लागतो. पूल दुरुस्त होण्याजोगाच नसेल, तर त्या रस्त्यावर किती दिवस काढणार? एक्मोचे तसेच आहे. फुप्फुसासाठी यंत्रावर ठेवलेल्या मोठ्या माणसांपैकी दहांतील पाच-सहा वाचतात. रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावे लागते, त्यामुळे रक्तस्राव होण्याची भीती असते. खर्च लाखांत जातो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांतच ही सोय असते.

म्हणून घरच्यांवर अवघड वेळ येते. माणूस आत पडलेला, आणि जमीन विकावी की नाही हे तासाभरात ठरवायचे! अशा वेळी डॉक्टरांना शांतपणे विचारा:

१. फुप्फुस बरे होण्याची आशा आहे काय?
२. अंदाजे किती दिवस लागतील? रोजचा खर्च किती?
३. सरकारी योजनेतून किंवा धर्मादाय मदत मिळेल काय?
४. उपयोग होत नसेल, तर यंत्र कधी थांबवायचे?

विचारण्यात लाज नाही. ‘थांबवा’ म्हणणारा मुलगा बापाचा वैरी ठरत नाही, हेही गावाने ध्यानात ठेवावे.

त्याहून बरे म्हणजे वेळ येऊच न देणे. बिडी सोडा. चुलीचा धूर घराबाहेर जाऊ द्या. बसल्या जागी धाप लागली, ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पुरे होईना, तर १०८ ला फोन करा. बोटाला लावायचा चिमटा आता पुष्कळ गावांत आहे. त्यावर ९४ पेक्षा कमी आकडा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. ९० पेक्षा कमी दिसला तर क्षणभरही थांबू नका.

आणि इस्पितळात कागद पुढे आला, तर आधी वाचा. कळला नाही तर विचारा. मग सही करा. अंगठा उठवून मोकळे होण्याचे दिवस आता गेले. तुम्ही वाचायला शिकलात, ते अशाच वेळेसाठी.

प्रश्न
१. रक्त काळपट केव्हा दिसते?
२. एक्मो यंत्र कोणते काम करते? कोणते करीत नाही?
३. आपल्या गावाहून मोठे इस्पितळ किती लांब आहे? माहिती काढून वहीत लिहा.