ब्रेक धरून राहतात, तेव्हा

प्रश्न : नव्याने सजविलेल्या माझ्या प्रीमियर पद्मिनीचे ब्रेक अंबाजोगाईस पोहोचेपर्यंत आवळत जातात; गाडी निवल्यावर चाके पुन्हा मोकळी होतात. दोष कोठे असावा?
– एक वाचक, घाटनांदूर

उत्तर : कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीस चारही चाकांना ड्रम ब्रेक असून, आपण वर्णिलेले लक्षण बहुधा तेलाचा दाब आत अडकून राहिल्याचे द्योतक आहे. खातरजमेसाठी, ब्रेक आवळलेले असतानाच, सपाट जागी उरलेल्या चाकांना अडण लावून संशयित चाक उचलावे व त्याचा ब्लीडर किंचित सैल करावा. तेल उसळून चाक सुटले तर दाबाचा दोष, न सुटले तर गंजलेला दट्ट्या, थकलेली स्प्रिंग अथवा अवाजवी आवळलेले शू यांचा. दाबाचाच दोष ठरल्यास, एकच चाक धरत असता त्याची आतून सुजलेली रबरी नळी बदलावी. चारही धरत असतील, तर पेडलला मोकळी चाल ठेवावी आणि मास्टर सिलिंडरमधील तेल परतण्याचे सूक्ष्म छिद्र साफ करावे. ब्रेकमध्ये इंजिनाचे तेल गेले असल्यास मात्र रबर फुगते, सबब सर्व रबरी भाग बदलणे क्रमप्राप्त होय. तोवर गाडी घाटात नेऊ नये.