पाने हळू उलटा!

मुलांनो, ‘टीका’ म्हणजे केवळ दोष काढणे नव्हे. मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणे, यालाही टीकाच म्हणतात. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. तशीच बायबलातील ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकावर स्पेनमधील बेआतुस या साधूने आठव्या शतकात लॅटिनमध्ये टीका लिहिली.

तिची एक पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. उत्तर स्पेनमधील सिलोसच्या मठात दोमिनिकुस आणि मुन्यो यांनी ती जनावराच्या कातड्यापासून केलेल्या पानांवर उतरवली. लेखन १०९१ साली संपले. चित्रे पूर्ण व्हायला मात्र ११०९ साल उजाडले!

या पोथीत वाचकाला एक विनंती आहे. लिहिताना डोळ्यांपुढे धुके येते, पाठ वाकते, बरगड्या मोडून येतात. म्हणून पाने हळू उलटा, अक्षरांना बोट लावू नका. गारपीट पिकाची नासाडी करते, तशी निष्काळजी वाचक पुस्तकाची करतो.

आपल्याकडील संस्कृत पोथ्यांच्या अखेरीसही असाच श्लोक आढळतो: पाठ, कंबर, मान मोडून कष्टाने लिहिलेला हा ग्रंथ जपा. देश वेगळे, लिपी वेगळी, दुखणे मात्र एकच!

पालकांनो, घरात आजीची पत्रे किंवा पाककृतींची वही असेल, तर ती कपाटात बंद ठेवू नका. मुलांच्या हाती द्या आणि पाने हळू उलटायला शिकवा.

शब्दार्थ: उतरवणे – पाहून लिहून काढणे.

गृहपाठ: घरातील जुन्या हस्ताक्षरातील पाच ओळी सुवाच्य अक्षरात उतरवा. किती वेळ लागला, तेही लिहा.