सण, हंगाम आणि उपकारस्तुती

शास्त्रपाठ : अनुवाद १६:९-१७, अनुवाद २६:१-११, लूक १७:११-१९
सोबत वाचावे : नहेम्या ५ व ८, हबक्कूक ३:१७-१९



आदिलाबाद जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत नाताळ येतो तो कापसाच्या वेचणीत. मृगात पेरलेली सरकी दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीला येते, आणि मग दुसरी, तिसरी वेचणी करीत हंगाम जानेवारीपर्यंत चालतो. बेला, जैनद, तामसी या भागांतील शेतकरी कुटुंबाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : शेतात फुटलेली बोंडे, दाराशी आलेले देणेकरी, आणि घरी आलेला सण. हैदराबाद, नागपूर, पुणे येथे शिकणारी वा नोकरी करणारी मुले सुट्टी घेऊन येतात. घर गजबजते. या गजबजाटात उपकारस्तुतीला जागा कोठे, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. 'उपकार' हा शब्द

आपल्या भाषेत उपकार या शब्दाला एक ओझे चिकटलेले आहे. उपकार 'फेडावे' लागतात, उपकाराखाली माणूस 'दबतो'. ज्याने अडीअडचणीला पैसे दिले त्याच्यापुढे मान खाली घालावी लागते, हा अनुभव शेतकऱ्याला नवा नाही. म्हणून पुष्कळ वेळा आपण देवाकडेही त्याच नजरेने पाहतो. त्याने पीक दिले, आपण अर्पण दिले, हिशेब मिटला!

स्तोत्र ११६ च्या कर्त्यालाही हाच प्रश्न पडला होता की, परमेश्वराच्या उपकारांची फेड कशी करावी? त्याचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. तो प्रथम देण्याचे नव्हे तर घेण्याचे बोलतो : तारणाचा प्याला मी हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. नवस फेडण्याची गोष्ट त्यानंतर येते. म्हणजे देवाचा उपकार फेडून संपवायचा नसतो. तो स्वीकारून, सर्वांसमोर त्याचे नाव घेऊन, आनंदाने सांगायचा असतो. सावकाराचा उपकार माणसाला वाकवितो, देवाचा उपकार त्याला उभा करतो. उपकारस्तुती आणि परतफेड यांतील हा भेद शिक्षकांनी प्रथम नीट समजून घ्यावा.

२. तीन सण, तीन वेळा

हंगामाची उपकारस्तुती ही पाश्चात्त्यांची चाल आहे असे काहींना वाटते. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यातील मॉरवेनस्टो या गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर या पाळकाने १८४३ साली मंदिरात कापणीचा सण सुरू केला आणि ती रीत तेथून पसरली, हे खरे. परंतु मूळ त्याहून फार जुने आहे. निर्गम २३:१४-१६ मध्ये इस्राएलास वर्षातून तीन सण पाळण्याची आज्ञा आहे. बेखमीर भाकरीचा सण जवाच्या कापणीच्या आरंभी येई. त्यानंतर सात आठवड्यांनी गव्हाच्या कापणीचा, म्हणजे सप्ताहांचा सण. आणि खळ्यातील धान्य व कुंडातील द्राक्षारस घरी आल्यावर वर्षाअखेरीस संग्रहाचा, म्हणजे मांडवांचा सण.

देवाने एकच दिवस नेमला नाही. आरंभी, मध्ये आणि शेवटी अशा तिन्ही वेळा आभार मानायला सांगितले. त्यातही पहिल्या सणाची रीत पाहा. लेवीय २३:१०-१४ प्रमाणे पहिली पेंढी देवापुढे आणल्याशिवाय नवे धान्य घरात कोणी खायचे नव्हते. उरलेले पीक कसे येईल, गारपीट होईल की टोळ पडतील, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसे. म्हणून पहिले फळ देणे हे विश्वासाचे कृत्य होते. सर्व विकून, देणी भागवून जे उरेल त्यातून दिलेले अर्पण हे वेगळेच काही असते.

कापसाचा शेतकरी ही गोष्ट चटकन समजू शकतो, कारण त्याचाही हंगाम एका दिवसात उरकत नाही. मंडळीत उपकारस्तुतीचा एकच रविवार असला तरी घरी मात्र पहिल्या वेचणीच्या संध्याकाळी, नाताळला, आणि पऱ्हाटी उपटण्याच्या वेळी, असे तीनदा कुटुंबाने एकत्र बसून प्रार्थना करावी. पाच मिनिटे पुरेत.

३. पंगतीला कोण कोण?

आता आजच्या पाठातील मुख्य गोष्ट. अनुवाद १६:११ व १४ मध्ये सण कोणी करायचा याची यादी दिलेली आहे : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गावातील लेवी, परका, पोरका आणि विधवा. ही यादी दोनदा दिली आहे. आनंद करा ही आज्ञा आहे, पण आनंद कोणाबरोबर करायचा हेही आज्ञेतच आहे.

ही यादी आपल्या घरी लावून पाहू या. दास-दासी म्हणजे आज कोण? वर्षभर राबणारा सालगडी आणि किलोमागे मजुरीवर कापूस वेचणाऱ्या बाया. त्यांच्या बोटांना बोंडांचे काटे टोचतात तेव्हा आपल्या घरी पांढरे सोने येते. अनुवाद २४:१५ सांगते की मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. याकोब ५:४ मध्ये तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांची हाक देवाच्या कानी पोहोचते असे म्हटले आहे. वेचणीचे पैसे "सण झाल्यावर या" असे सांगून थांबविले आणि त्याच पैशांतून मुलांना नवे कपडे घेतले, तर ते कपडे घालून म्हटलेले उपकारस्तुतीचे गीत देवाला कसे ऐकू जाईल?

यादीत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पत्नीचा निराळा उल्लेख तीत नाही. 'तू' या शब्दात घरधनी व घरधनीण दोघेही आले, असे पुष्कळ अभ्यासक समजतात, आणि ते योग्यच वाटते. परंतु आपल्या घरांत काय घडते? सणाच्या दिवशी सर्वांना सुट्टी असते, फक्त चुलीपुढच्या बाईला नसते. आदल्या रात्री करंज्या, पहाटे पाणी तापविणे, मग उपासनेला धावतपळत येणे, आणि परत जाऊन वीस माणसांचा स्वयंपाक. आपले शेजारी पोळ्याला बैल जुंपीत नाहीत. त्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, खांद्याला लोणी-हळद लावतात. अनुवाद ५:१४ मध्ये आपल्यालाही बैलाला, दासाला, दासीला विसावा देण्याची आज्ञा आहे, आणि तीही दर आठवड्याला. ज्या घरी बैलाला पोळा आहे पण घरच्या बाईला नाताळ नाही, त्या घराने हे वचन पुन्हा वाचावे. पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी पाणी भरणे, पीठ मळणे, भांडी घासणे यांत हात घातला तर तीही उपकारस्तुतीच आहे.

नव्या सुनेचा विचारही येथेच करावा. इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तेथे गोंड समाजातील मेसराम कुळात नव्याने आलेल्या सुनांची कुलदैवतापुढे ओळख करून देण्याचा विधी असतो. त्यांची उपासना आपली नव्हे. पण कुळात आलेल्या मुलीला सर्वांसमोर आपली म्हणून स्वीकारावे, ही रीत आपल्याला विचार करायला लावते. पहिल्याच नाताळला आलेल्या सुनेला आपण प्रथम काय देतो, कामाची यादी की पंगतीतले पान?

४. टोपली आणि साक्ष

अनुवाद २६ मध्ये पहिल्या फळांची टोपली घेऊन आलेल्या शेतकऱ्याला नुसती टोपली ठेवून जाता येत नाही. त्याने बोलायचे असते. आपला पूर्वज भटकणारा अरामी होता, तो मिसरात उपरा म्हणून राहिला, तेथे छळ झाला, देवाने हाक ऐकली आणि ही भूमी दिली, अशी आपल्या घराण्याची हकीकत तो देवापुढे सांगतो. टोपलीतल्या अंजिरांना त्या हकीकतीमुळे अर्थ येतो.

आपल्या सीमेवरच्या कुटुंबांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हैदराबाद संस्थानातील हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे भाग त्याच वेळी वेगळे होऊन तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. माणसे जागच्या जागी राहिली, सरहद्दी मात्र हलल्या. आत्या एका राज्यात, मामा दुसऱ्या राज्यात; मुले शाळेत तेलुगू शिकतात आणि आजीबरोबर मराठीत प्रार्थना करतात. अशा घरात आजी-आजोबांनी मुलांना सांगावे : आपल्या घरी सुवार्ता कोणी आणली, दुष्काळात आपण कसे जगलो, कोणी आसरा दिला. हे सांगणारी पिढी गेली की मुलांच्या हाती फक्त सणाचा फराळ उरतो. आणि ज्याचा पूर्वज उपरा होता त्याने आज दारी आलेल्या उपऱ्या मजुराला ओळखले पाहिजे, म्हणूनच अकराव्या वचनात आनंदाच्या पंगतीत परकाही आहे.

५. पीक बुडाले तर?

हा प्रश्न टाळून पाठ पुरा होणार नाही. २०१७ च्या हंगामात पेनगंगेपलीकडे विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाची केवढी हानी केली हे सर्वांना ठाऊक आहे. पीक आले तरी दुःख संपत नाही. भारतीय कापूस निगम आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण हमीभाव देते, बारा टक्क्यांपर्यंत भाव कापते, आणि त्यापुढे घेत नाही. अवकाळी पावसात भिजलेली गाडी घेऊन आवारात उभ्या असलेल्या माणसाला "आभार मान" असे सांगणे सोपे नाही. आणि कर्जापायी ज्या घरच्या कर्त्याने जीव दिला, त्या घरी जाऊन तर तसे सांगूच नये. तेथे प्रथम रडणाऱ्यांबरोबर रडावे, ही आज्ञा पाळावी.

पवित्र शास्त्र वाईटाला चांगले म्हणायला सांगत नाही. हबक्कूक संदेष्टा अंजीर, द्राक्षी, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, असे एकेक नुकसान नाव घेऊन मोजतो आणि मगच म्हणतो की, तरीही मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. आपल्या प्रभूने भाकर हाती घेऊन आभार मानले ते धरून दिले जाण्याच्या रात्री. अमेरिकेत अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ साली राष्ट्रीय उपकारस्तुतीचा दिवस जाहीर केला तेव्हा तेथे यादवी युद्ध पेटलेले होते. आपल्या तेलंगणातील मेदक येथील भव्य मंदिर १९१४ ते १९२४ या काळात उभे राहिले. मेथडिस्ट मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी दुष्काळपीडितांना काम आणि अन्न मिळावे म्हणून ते बांधकाम चालविले, आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. तेथे आभाराबरोबर भाकरही दिली गेली, हे विसरू नये.

नहेम्याच्या पुस्तकात हाच क्रम आहे. पाचव्या अध्यायात शेते आणि द्राक्षमळे गहाण पडल्याची लोकांची ओरड आहे; नहेम्या सावकारी करणाऱ्या आपल्याच भाऊबंदांना गहाण शेते परत करायला लावतो. त्यानंतर आठव्या अध्यायात सण होतो, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा असे सांगितले जाते. प्रथम कर्जाची गाठ सैल झाली, मग मांडव उभारले गेले. म्हणून मंडळीने सणापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. कोणत्या घरी चूल पेटणार नाही याची चौकशी पाळक व वडीलमंडळींनी गाजावाजा न करता करावी. आणि सणासाठी व्याजाने पैसे काढू नयेत असे एकमेकांना धीराने सांगावे. ज्यांच्याजवळ आहे त्यांनी एक वर्ष साधे कपडे घालून उपासनेला यावे, म्हणजे ज्यांच्याजवळ नाही त्यांना मागच्या बाकावर लपावे लागणार नाही. मांडवांच्या सणात श्रीमंतही सात दिवस फांद्यांच्या मांडवात राहत असे, त्यात ही खूण आहे.

६. परत फिरलेला

लूक १७ मध्ये प्रभू येशू शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरून जात आहे. तेथे दहा कुष्ठरोगी एकत्र राहतात. आजाराने यहूदी-शोमरोनी भेद पुसला आहे. दहाही बरे होतात, पण परत येऊन आभार मानतो तो एकच, आणि तो शोमरोनी असतो. बाकीचे नऊ वाईट नव्हते. याजकाला दाखवायला जा असे प्रभूनेच सांगितले होते, ते गेले. त्यांनी आज्ञा पाळली, पण देणाऱ्याकडे तोंड वळविले नाही. सणाची सर्व कामे यथासांग करूनही आपण त्या नवांत असू शकतो. उपासना झाली, फराळ झाला, छायाचित्रे काढून झाली; परत फिरणे तेवढे राहून गेले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

लहान मुलांकडून अनुवाद १६:१४ मधील यादी फळ्यावर लिहून घ्यावी आणि प्रत्येक शब्दापुढे आपल्या गावातील कोण येईल हे विचारावे. कोणाचे नाव उच्चारून त्यास लाज वाटेल असे होऊ देऊ नये.

मोठ्या मुलांनी नाताळच्या सुट्टीत घरातील सर्वांत वडील माणसाला तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत : आपल्या घरी प्रभूचे नाव प्रथम कोणी घेतले? सर्वांत कठीण वर्ष कोणते? त्या वर्षी कोणी मदत केली?

प्रौढांच्या वर्गासाठी चर्चेचे प्रश्न :
(१) पहिल्या फळाचे अर्पण आणि उरलेल्यातून दिलेले अर्पण यांत काय फरक आहे?
(२) आपल्या घरी सणाच्या दिवशी विसावा कोणाला मिळत नाही?
(३) आपल्याकडे कोणाची मजुरी थकली आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात देण्याची गरज नाही. घरी जाऊन त्या माणसाच्या हाती पैसे द्यावेत, आणि मग देवापुढे गुडघे टेकावेत. त्या संध्याकाळी म्हटलेली साधी प्रार्थनाही उपकारस्तुतीच्या रविवारची खरी तयारी ठरेल.